वर्ग हातात आहे तोवरच ही पदवी करून घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. नऊ वर्षं माध्यमिक वर्गांना गणित शिकवणाऱ्या एका शिक्षिकेला 'करिक्युलम अँड इन्स्ट्रक्शन', म्हणजे अभ्यासक्रम आणि अध्यापन, या विषयात ऑनलाइन मास्टर्स करायचं आहे. नोकरी सोडणं शक्य नाही. त्या विचारतात: ऑनलाइन पदवीला मान असतो का? आठवड्याला किती वेळ काढावा लागतो? आणि दोन वर्षं घासल्यावर वर्गात खरंच काही बदलतं, की हाती नुसता कागद येतो?

मी १६ वर्षं वर्गात शिकवलं. त्यातली अडीच वर्षं शाळा सांभाळून हीच पदवी ऑनलाइन केली. आता ११ वर्षं झाली, शिक्षकांच्या याच मास्टर्समधल्या प्रकल्पांना मार्गदर्शन करते आहे. तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण त्याचं उत्तर नीट समजलं की बाकीचे दोन सोपे होतात.

वर्गात बदल होतो, आणि मोठा होतो. मात्र त्यासाठी प्रत्येक असाइनमेंट तुमच्या हातातल्या खऱ्या वर्गावर करायला मिळायला हवी. नोकरी सोडता येत नाही याची तुम्हाला खंत वाटते आहे; मला तेच तुमचं भांडवल वाटतं. वर्ग सोडून पूर्णवेळ शिकायला बसलेल्यांना जी गोष्ट कल्पनेतून उभी करावी लागते, ती तुमच्यासमोर रोज सकाळी बाकावर बसलेली असते.

म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगते. पहिल्याच सत्रात मला असाइनमेंट होती: स्वतःचा कुठलाही शिकवून झालेला घटक घ्या आणि त्याची उद्दिष्टं, वर्गातल्या कृती आणि चाचणी हे तिन्ही एकाच कागदावर तीन रकान्यांत मांडा. मी अपूर्णांकांची तुलना हा घटक घेतला. माझा हातखंडा असलेला घटक, निकाल नेहमी चांगला. पहिल्या रकान्यात टाचणातलं वाक्य उतरवलं: 'विद्यार्थ्यांना अपूर्णांकांच्या लहानमोठेपणाची समज येईल.' दुसऱ्या रकान्यात तासिका लिहिल्या. आठपैकी सहा तासिका तिरकस गुणाकाराच्या सरावात गेल्या होत्या. तिसऱ्या रकान्यात चाचणीतले दहा प्रश्न. त्यातले नऊ तिरकस गुणाकाराने सुटणारे.

कागदाकडे बघत बसले. उद्दिष्टात 'समज' लिहिलेली, आणि तिची विचारणा कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी त्याच मुलांना फळ्यावर एक प्रश्न दिला: ७/८ आणि ८/९ यांत मोठा कोणता, गुणाकार न करता सांगा. अर्ध्याहून जास्त मुलांनी लिहिलं, 'दोन्ही सारखे, कारण दोन्हीत एकच भाग कमी आहे.' चाचणीत पैकीच्या पैकी गुण मिळवणारी मुलंही त्यात होती. एक कमी आहे हे त्यांना दिसत होतं. पण पहिल्यात कमी पडलेला भाग आठवा आणि दुसऱ्यात नववा, नववा भाग लहान, म्हणून ८/९ पूर्णाच्या जास्त जवळ, हा विचार त्यांच्यापाशी नव्हता. तो मी कधी शिकवलाच नव्हता.

त्या तीन रकान्यांमागे राल्फ टायलर या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९४९ साली मांडलेले चार प्रश्न आहेत. कोणती उद्दिष्टं गाठायची? ती गाठायला कोणते अनुभव द्यायचे? ते कोणत्या क्रमाने बांधायचे? उद्दिष्टं गाठली की नाही हे कसं ओळखायचं? वाचायला इतके साधे वाटतात की मी ते पहिल्यांदा वाचून पुढे गेले होते. स्वतःच्या घटकाला लावल्यावर त्यांची धार कळली. पुढच्या असाइनमेंटमध्ये तोच घटक उलट्या बाजूने बांधायचा होता: आधी शेवटची कसोटी लिहा, मग तिथवर नेणारे पुरावे, आणि तासिकांचं नियोजन सगळ्यात शेवटी. ग्रँट विगिन्स आणि जे मॅक्टाय या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी १९९८ मध्ये ही पद्धत सुटसुटीत करून मांडली आणि आज बहुतेक कार्यक्रमांत ती शिकवतात. मी शेवटची कसोटी म्हणून तोच ७/८ आणि ८/९ चा प्रश्न ठेवला, संख्यारेषेवर दाखवून कारणासह. मग सहा तासिकांचा तिरकस गुणाकार आपोआप दोन तासिकांवर आला. उरलेल्या चार तासिका कागदाच्या पट्ट्या, संख्यारेषा आणि 'पूर्णाला किती कमी' या एकाच प्रश्नाला मिळाल्या.

ही असाइनमेंट मी शिकवत नसते तर गुण मिळवून विसरून गेले असते.

आता या पदवीत आत काय असतं ते सांगते, कारण नावावरून बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. हे नाव प्रामुख्याने अमेरिकी विद्यापीठांतलं. ब्रिटनमध्ये साधारण असाच अभ्यास एमए एज्युकेशनच्या छत्राखाली, अभ्यासक्रम आणि अध्यापनशास्त्र अशा नावांनी मिळतो. गाभा सारखा असतो: अभ्यासक्रमाचा सिद्धांत आणि इतिहास, अध्यापनाची रचना, मूल्यमापन, वेगवेगळ्या गरजांच्या मुलांसाठी अध्यापन, संशोधनपद्धती आणि शेवटी एक मोठा प्रकल्प. काही विद्यापीठं त्यात गणित, वाचन, विज्ञान किंवा शैक्षणिक तंत्रज्ञान असा विशेष विषय घेऊ देतात. तुम्ही गणिताच्या आहात, तर गणिताचा विशेष गट असलेला कार्यक्रम शोधाच. ली शुलमन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९८६ साली एक मुद्दा ठामपणे मांडला. विषयाचं ज्ञान वेगळं आणि शिकवण्याचं सर्वसाधारण कौशल्य वेगळं. त्या दोहोंखेरीज तिसरं एक ज्ञान असतं, ते म्हणजे हा विशिष्ट विषय मुलांना कुठे अडतो आणि कोणत्या उदाहरणाने सुटतो याचं. गणिताच्या शिक्षकाला पदवीतून हे तिसरं ज्ञान हवं असतं. सगळे विषय सरमिसळ करून शिकवणाऱ्या कार्यक्रमात ते पातळ होतं.

सिद्धांताच्या पेपराला घाबरू नका. तो कोरडा असेल अशी माझी समजूत होती, पण मला सगळ्यात जास्त त्याच पेपराने दिलं. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० मध्ये मांडलेली चक्राकार अभ्यासक्रमाची कल्पना घ्या: तीच संकल्पना दर काही वर्षांनी पुन्हा यावी, पण दर वेळी जास्त खोलवर. ती वाचल्यावर मी खालच्या वर्गांची गणिताची पुस्तकं काढून बसले आणि अपूर्णांक कुठे कुठे येऊन गेला ते शोधलं. किंवा शिक्षणतज्ज्ञ एलियट आयझनर यांचा 'शून्य अभ्यासक्रम': शाळा जे शिकवत नाही त्यातूनही मुलं काही शिकतात. माझ्या वर्गात अंदाज बांधणं कधीच शिकवलं जात नव्हतं. त्यावरून मुलांनी काय शिकायचं? की गणितात अंदाजाला जागा नसते. अभ्यासक्रमतज्ज्ञ हिल्डा टाबा यांनी १९६२ मध्ये आग्रह धरला की अभ्यासक्रमाची बांधणी शिक्षकांनी आपल्या घटकापासून सुरू करावी, वरून आलेल्या आराखड्यापासून नको. हे वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की हा विषय माझ्यासारखीसाठीच लिहिला गेलाय.

वेळेचं गणित आता स्वच्छ मांडते, कारण जाहिरातीत ते कधी नसतं.

अमेरिकेत ही पदवी साधारण ३० ते ३६ क्रेडिटची असते, म्हणजे ३ क्रेडिटचे १० ते १२ पेपर. एका क्रेडिटला आठवड्याला सुमारे १ तास वर्ग आणि २ तास स्वतःचा अभ्यास, तोही सुमारे १५ आठवडे, असा तिथला हिशोब धरतात. म्हणजे एका क्रेडिटचे ४५ तास, ३ क्रेडिटच्या पेपराचे १३५ तास. पेपर १५ आठवड्यांचा असेल तर आठवड्याला ९ तास. पण नोकरदार शिक्षकांसाठीचे बरेच ऑनलाइन कार्यक्रम ७ किंवा ८ आठवड्यांचे पेपर देतात. तेच १३५ तास ८ आठवड्यांत बसवले की आठवड्याला जवळपास १७ तास होतात. 'एका वेळी एकच पेपर, फक्त आठ आठवडे' हे वाक्य ऐकायला हलकं वाटतं, त्याचं वजन हे आहे. कुणी कमी वेळात भागवतं, कुणाला वाचायला जास्त वेळ लागतो; तरी स्वतःच्या आठवड्यात हे तास खरोखर कुठे आहेत ते वेळापत्रकावर खुणा करून बघा. सापडत नसतील तर १५ आठवड्यांच्या सत्राचा कार्यक्रम घ्या आणि तीन वर्षं लावा. कुणीही तुम्हाला विचारणार नाही की दोन वर्षांत का नाही झालं.

इथे एक सावधगिरी. 'क्रेडिट' हा शब्द सगळीकडे सारखा नसतो. ब्रिटनमध्ये मास्टर्स १८० क्रेडिटची असते आणि एक क्रेडिट म्हणजे १० तासांचा अभ्यास. युरोपातल्या क्रेडिट पद्धतीत एका क्रेडिटला २५ ते ३० तास धरतात. आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका, तासांत बदलून करा.

मी स्वतः एक नियम पाळला आणि माझ्याकडच्या शिक्षकांनाही तोच सांगते. वाचन आठवड्याच्या सुरुवातीला, शाळा सुरू होण्याआधी अर्धा तास, आणि लेखन सुट्टीच्या एका सकाळी सलग. रात्री वह्या तपासून झाल्यावर लिहायला बसणं टाळा. तेव्हा हात चालतो, डोकं नाही. ऑनलाइन चर्चेच्या फलकावर प्रत्येक आठवड्याला एक नोंद आणि दोघातिघांना उत्तरं द्यावी लागतात. बहुतेक जण ती शेवटच्या रात्री टाकतात, म्हणून सगळी चर्चा 'तुमचा मुद्दा आवडला' इथे संपते. तुम्ही सुरुवातीलाच एक खरा प्रसंग टाकून बघा, 'माझ्या वर्गात असं झालं, तुम्ही काय केलं असतं?' असा. माझ्या तुकडीत एक संगीतशिक्षिका होती. तिने लिहिलं, मुलं चुकीचा सूर लावतात तेव्हा ती त्यांना थांबवते की पुढे जाऊ देते, हे तिचं तिलाच माहीत नव्हतं. त्या एका प्रश्नावर आम्ही आठवडाभर बोलत होतो. गणितात मी चुका कधी थांबवते हेही मला तेव्हाच बघावंसं वाटलं.

ऑनलाइन पदवीच्या मानाबद्दल. बऱ्याच विद्यापीठांत ऑनलाइन आणि प्रत्यक्ष कार्यक्रमांची पदवी एकच असते आणि प्रमाणपत्रावर 'ऑनलाइन' असा शब्द नसतो. तेव्हा माध्यमाआधी मान्यता पाहा. अमेरिकेत विद्यापीठाला संस्थात्मक मान्यता लागते, आणि ती देणारी संस्था तिथल्या शिक्षण खात्याने किंवा 'चीया' (CHEA) या उच्च शिक्षणातल्या मान्यता परिषदेने मानलेली असावी लागते. मान्यता देणाऱ्या बनावट संस्थाही असतात, म्हणून विद्यापीठाच्या पानावरचं बोधचिन्ह पाहून थांबू नका, खात्याच्या यादीत नाव शोधा. दुसऱ्या देशातल्या विद्यापीठाची पदवी घेणार असाल तर तुमच्या नोकरीच्या ठिकाणी ती ग्राह्य धरतात का, आणि ऑनलाइन पद्धतीने मिळवलेली धरतात का, हे शुल्क भरण्याआधी लेखी विचारून घ्या. तोंडी 'चालेल' म्हणणारा माणूस दोन वर्षांनी त्या खुर्चीत नसतो. माझ्याकडच्या एका शिक्षकाला पदवी हातात आल्यावर कळलं की त्याच्या वेतनश्रेणीसाठी पूर्वपरवानगी घ्यायला हवी होती. अभ्यास उत्तम झाला होता, तरी त्याचे ते दिवस फार वाईट गेले.

आणखी एक गोष्ट इथेच. ही पदवी सहसा शिक्षक होण्याचा पहिला परवाना देत नाही. ती आधीच शिक्षक असलेल्यांसाठी असते. मुख्याध्यापक व्हायचं असेल तर शैक्षणिक नेतृत्वाचा वेगळा अभ्यास लागतो. कंपन्यांसाठी प्रशिक्षण तयार करायचं असेल तर इन्स्ट्रक्शनल डिझाइनचा. करिक्युलम अँड इन्स्ट्रक्शनची माणसं विषयप्रमुख, शिक्षकांचे मार्गदर्शक, अभ्यासक्रम समितीचे सदस्य, पाठ्यसामग्रीचे लेखक अशा कामांत जातात. किंवा वर्गातच राहतात, आणि मला तो निर्णय यातल्या कुठल्याही कामाइतकाच मोलाचा वाटतो.

कार्यक्रम निवडताना माझी कसोटी एकच आहे: शेवटच्या प्रकल्पात काय करायला लावतात? प्रवेश विभागाला पत्र पाठवा आणि तीन गोष्टी मागा. गेल्या दोनतीन वर्षांतल्या प्रकल्पांच्या विषयांची यादी, एका पेपराची पूर्ण रूपरेषा, आणि एका असाइनमेंटचं रुब्रिक, म्हणजे गुण देण्याच्या निकषांचा तक्ता. जे विद्यापीठ हे आनंदाने देतं तिथे काम उघड्यावर चालतं. रूपरेषेत 'लेखाचा सारांश लिहा' अशा असाइनमेंट जास्त असतील तर सोडा. 'आपल्या वर्गातल्या पाच विद्यार्थ्यांच्या उत्तरांचं विश्लेषण करा' अशा असतील तर जवळ जा. आणि विचारा की माझं लेखन कोण वाचेल, एका प्राध्यापकाकडे किती विद्यार्थी असतात. मला पहिल्या पेपरात एका प्राध्यापिकेने माझ्या घटकाच्या आराखड्यावर, तासिका चारच्या शेजारी, फक्त एवढं लिहून दिलं होतं: 'इथे मूल काय विचार करत असेल?' ती ओळ आली नसती तर पट्ट्यांची तासिका मी पुन्हा व्याख्यानच केली असती. असा वाचणारा माणूस मिळणं हे शुल्काचं खरं मोल आहे.

प्रकल्पाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण माझं रोजचं काम तेच आहे आणि तिथेच शिक्षक सगळ्यात जास्त अडकतात. बहुतेक जण कृतिसंशोधन करतात: आपल्याच वर्गातली अडचण घ्यायची, एक बदल करायचा, काय झालं ते नोंदवायचं, त्यावरून पुढचा बदल. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांच्या १९४६ च्या लेखाने या पद्धतीचं नाव रूढ केलं. पुढे ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ लॉरेन्स स्टेनहाउस यांनी १९७५ मध्ये शिक्षक हाच संशोधक हा विचार जोरकसपणे मांडला. माझ्याकडे येणारा पहिला मसुदा जवळजवळ नेहमी असा असतो: 'विद्यार्थ्यांची गणिताची आवड वाढवणे.' हेतू चांगला, पण आवड मोजणार कशी, आणि कुणामुळे वाढली हे कसं कळणार? मग आम्ही तो प्रश्न चाळत जातो. एका शिक्षकाचा प्रश्न चार फेऱ्यांनंतर असा झाला: 'गटचर्चेआधी प्रत्येकाला दोन मिनिटं एकट्याने लिहायला दिलं, तर चर्चेत बोलणाऱ्या मुलांची संख्या बदलते का?' त्यासाठी त्याला बैठकव्यवस्थेचा एक नकाशा, एक पेन्सिल आणि सहा आठवडे लागले. जो बोलला त्याच्या चौकटीत एक रेघ. तिसऱ्या आठवड्यात त्याने मला नकाशा पाठवला. खिडकीजवळच्या रांगेत अजूनही एकही रेघ नव्हती. त्याच्या मूळ प्रश्नापेक्षा ती रिकामी रांग त्याला जास्त शिकवून गेली, आणि प्रबंधाचं उत्तम प्रकरण तेच झालं.

स्वतःच्या वर्गावर संशोधन करताना परवानगीचं काम आधी उरका. विद्यापीठाची नीतिसमिती, शाळाप्रमुख, पालकांची लेखी संमती, आणि मुलांना 'नाही' म्हणायची खरी मोकळीक. तुम्हीच त्यांना गुण देणार असता, त्यामुळे मूल सहजासहजी नकार देत नाही, हे लक्षात ठेवा. नीतिसमितीचं उत्तर यायला आठवडे लागतात. शेवटच्या सत्रात अर्ज केला की शाळेचं वर्ष संपतं आणि प्रकल्प पुढे ढकलावा लागतो. हे मी दरवर्षी बघते. त्याआधीच्या सत्रातच प्रश्न ठरवा.

आता अर्ज. उद्देशपत्रात 'मला लहानपणापासून शिकवण्याची आवड आहे' हे लिहू नका. वाचणाऱ्यांपुढे अशी पत्रं ढिगाने असतात. वर्गातली एक अडचण लिहा, जिचं उत्तर तुम्हाला नऊ वर्षांत मिळालेलं नाही, आणि तुम्ही आजवर काय करून पाहिलं ते लिहा. शिफारसपत्र मोठ्या पदावरच्या माणसापेक्षा तुमचा तास प्रत्यक्ष मागे बसून पाहिलेल्या माणसाकडून घ्या.

तुम्ही कार्यक्रम निवडेपर्यंत काही आठवडे जातील. तेवढ्यात येत्या घटकचाचणीचं एवढं करा: तुमच्या टाचणातलं उद्दिष्ट, तासिका आणि चाचणीचे प्रश्न तीन रकान्यांत मांडा. कुठल्या प्रश्नाने कुठलं उद्दिष्ट तपासलं जातंय त्याच्या रेघा ओढा. ज्या उद्दिष्टाला एकही रेघ मिळाली नाही त्यावर एक प्रश्न तयार करून मुलांना द्या, गुणांशिवाय. आणि उत्तरांचे कागद मुलांना परत देण्याआधी, नावं झाकून, त्यांचे फोटो काढून ठेवा. पहिल्या सत्रात तेच लागतील.